डाव्या हाताचं ऑपरेशन झालंय, गिअरची गाडी शिकता येईल का?

कोयनाकाठ

नमस्कार. या बाइकवाल्यांच्या मंचावर बहुतेक धागे लडाखचे नाहीतर सायलेन्सरच्या आवाजाचे दिसतात. माझा प्रश्न घरगुती आहे. चुकीच्या जागी पडला असेल तर हलवा.

वय ४६. पाटणच्या बाजूला झेडपीच्या शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, काखेतल्या चौदा गाठी काढल्या. मग सोळा केमो, त्यातल्या चार लाल औषधाच्या आणि बारा दर आठवड्याच्या. शेवटी पंधरा दिवस रेडिएशन. आता रोजची गोळी आणि सहा महिन्यांनी तपासणी.

रेडिएशनला शनिवार-रविवार सोडून रोज जावं लागायचं. एसटीच्या गर्दीत जाऊ नका म्हणून सांगितलेलं, तेव्हा चारचाकी नव्हती, म्हणून हे मला युनिकॉर्नवर न्यायचे. डोक्यावर केस नाहीत, म्हणून आधी सुती रुमाल आणि वर हेल्मेट. जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस. खरं सांगते, त्या पंधरा दिवसांतलं मला मशीन नीट आठवत नाही. मल्हारपेठच्या आसपास गुऱ्हाळाचा वास यायचा तो आठवतो. आणि एक गोष्ट फार बरी वाटायची: हेल्मेट घालून गाडीवर बसलं की कुणी "आता कसं वाटतंय?" विचारू शकत नाही. घरी, शाळेत, हळदीकुंकवात, दुकानात सगळे तेच विचारायचे. त्या ऐंशी मिनिटांत मी पेशंट नसायचे. पाठीमागे बसलेली एक बाई, बास.

आता आम्ही जुनी चारचाकी घेतली आहे. युनिकॉर्न शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी. विकायचं चाललंय. आणि मला ती विकू द्यायची नाही, चालवायला शिकायची आहे. तपासणीला स्वतः चालवत जायचंय, एवढंच.

ॲक्टिव्हा मी पंधरा वर्षं चालवते, त्यामुळे तोल आणि रस्ता नवा नाही. पण क्लच डाव्या हातात आणि माझा डावा हात हा असा. गाठी काढल्यापासून दोनदा सुजून गेलाय. बोटांची टोकं केमोपासून अजून थोडी बधिर आहेत. उंची पाच फूट एक इंच. ह्यांचं म्हणणं, "क्लच तुला झेपायचा नाही, आणि शिकून करणार काय?" पहिल्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही म्हणून इथं विचारते. दुसऱ्यावर आहे, पण ते घरात देईन.

कुणा बाईनं अशा हातानं गिअरची गाडी शिकलीय का?

---

रोखठोक

ताई, राग मानू नका. ॲक्टिव्हा दारात असताना क्लचच्या मागे कशाला लागता? काम पोचण्याशी. एवढ्या मोठ्या आजारातून देवानं बाहेर काढलं, आता हातपाय मोडून घ्यायचे का? गाडी विका आणि त्या पैशात कुठंतरी फिरून या दोघं.

---

पसरणीची_आत्या

रोखठोकभाऊ, काम पोचण्याशी असतं तर माणसं पंढरीला एसटीनंच गेली असती सगळी.

कोयनाकाठताई, मी वाईची. वय ५३. डावीच बाजू, २०१७ साली, काखेतल्या गाठी सतरा. परळला उपचार, दोन महिने दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिले. म्हणजे तुमच्याकडं जे आहे ते सगळं माझ्याकडं होतं, फक्त मास्तरकी नव्हती. माझी खानावळ आहे, डबे पोचवते. आणि हो, गिअरची गाडी चालवते. सेकंडहँड स्प्लेंडर, बावीस हजाराला घेतलेली. पाच वर्षं झाली.

मला कुणी प्रेरणाबिरणा दिली नाही. डबे नेणारा पोरगा न सांगता काम सोडून गेला, त्याच्यासाठी घेतलेली गाडी दारात, आणि एकोणीस गिऱ्हाईकं उपाशी. भाच्याला म्हटलं शिकव. तो म्हणाला, आत्या, तुझा हात? म्हटलं, हाताचं हात बघेल.

पण हात बघत नाही हो, आपल्यालाच बघावं लागतं. मी काय केलं ते सांगते. पहिले दहा दिवस गाडी चालूच केली नाही. संध्याकाळी डबल स्टँडवर लावायची, वर बसायचं आणि नुसता क्लच दाबायचा, सोडायचा. पहिल्या दिवशी दहा वेळा. मग पंधरा, मग वीस. शेजारीण म्हणायची, बाई बंद गाडीवर बसून कुठं निघाली? शिलाईची टेप घेऊन रोज सकाळी हात मोजायचा: मनगट, कोपराच्या खाली, कोपराच्या वर. कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचा. एकादशीच्या खाली साडेसव्वीस, संकष्टीच्या खाली सव्वीस, असं वर्षभराचं माझं कॅलेंडर आहे. जरा फुगला की दोन दिवस सुट्टी. दोन बोटांनी क्लच दाबायला शिकले, आणि लिव्हरच्या टोकाकडं दाबायचा, मुळाशी नाही. मुळाशी जड जातो.

मग भल्या पहाटे मेणवलीच्या रस्त्याला. गाडी बंद पडायची. पडायची म्हणजे, एका सकाळी मी मोजलं, अकरा वेळा. भाचा म्हणायचा, हाफ क्लच, आत्या, हाफ क्लच. मला काय कळायचं नाही हाफ म्हणजे कुठं. शेवटी माझं मलाच कळलं. भाताचं झाकण उडायच्या आधी जरा फुरफुरतं ना, तशी गाडी थरथरते. तिथं हात थांबवायचा, थोडा गॅस द्यायचा, मग सावकाश सोडायचा. हे कळलं त्या दिवशी डबे वेळेवर गेले नाहीत, मी मेणवलीच्या पुढं निघून गेले होते.

स्प्लेंडरचे चारही गिअर खाली पडतात, पुढून दाबत जायचं. त्यामुळं डोक्याला ताप कमी. तुमच्या युनिकॉर्नला पहिला खाली, बाकीचे वर. आधी हलक्या गाडीवर शिका, मग तिच्यावर या. आणि सिग्नलला, फाटकाला, कुठंही थांबलं की न्यूट्रल करून क्लच सोडून द्यायचा. लोक दाबून उभे राहतात, त्यानं चांगला हातसुद्धा दुखतो.

आता एक बायकांचं सांगते, पुरुषांनी पुढं सरकावं. स्तनाच्या जागी घालते ते माझं आतलं पॅड पहिल्याच मोठ्या खड्ड्यात जागा सोडून काखेत गेलं. दत्ताच्या देवळासमोर! गाडी थांबवता येईना आणि हात घालता येईना. मग ब्रेसियरला आतून सुती कापडाचा खिसा शिवून घेतला, पॅड त्यात. वरून जाड जॅकेट चेन लावून. आता कितीही खड्डे येऊ देत. हे तुम्हाला कुठलाही डॉक्टर सांगणार नाही, कारण त्यांना कुणी विचारलंच नसेल.

आणि ते सुटे केस, ते विसरा. जाहिरातीत बाई हेल्मेट काढते आणि केस झटकते. माझे तेव्हा अर्धा इंच होते, काय झटकणार?

घाट मी दोन वर्षांनी चढले. पसरणीचा, वाई ते पाचगणी. दुसऱ्या गिअरवर, पुढं एक ट्रक, मागं शाळेची बस हॉर्न मारतेय. वळणावर माकडं बसलेली. वर पोचले तेव्हा पाय लटलटत होते. मग उतरायचं कसं, हा प्रश्न. क्लच दाबून उतरायचं नाही, गिअरमध्येच उतरायचं, गाडी आपली आपण अडते. हे भाच्यानं फोनवर सांगितलं. मधल्या एका वळणावर थांबले, खाली धोमचं पाणी दिसत होतं, आणि माझ्या लक्षात आलं की दोन दिवसांनी तपासणी आहे आणि सकाळपासून मला ती एकदाही आठवली नव्हती.

तुम्हाला माहीतच असेल ते. तपासणीच्या आधीचे आठ दिवस. पाठ दुखली तरी वाटतं हाडात गेलं. खोकला आला तरी वाटतं. रात्री छताकडं बघत पडायचं. मी देवाचं केलं, योगवर्गाला गेले, समुपदेशन करणाऱ्या बाईंकडंही दोनदा जाऊन आले. त्या चांगल्या होत्या, त्यांनी खूप ऐकून घेतलं. पण डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्या म्हटलं की माझं लक्ष नेमकं काखेत जायचं. गाडीवर डोळे मिटता येत नाहीत ना. क्लच, गिअर, पुढचा टेम्पो, वाळू सांडलीय, म्हातारा रस्ता ओलांडतोय, कुत्रं. मनाला एवढी कामं असतात की त्याला उगाच भटकायला फुरसत मिळत नाही. घरी आले की भीती परत येते, नाही असं नाही. पण तासभर ती बाहेर उभी असते.

भाच्यानं पहिल्या दिवशी सांगितलेलं, आत्या, जिकडं बघशील तिकडं गाडी जाते, खड्ड्याकडं बघू नकोस. हे अगदी खरं आहे. आता यातून कुणीतरी जीवनाचा धडा काढेल म्हणून आधीच सांगते, काढू नका. खड्डा तो खड्डा.

ह्यांना एवढंच सांगा की गाडी विकायची घाई नको. सहा महिने थांबा.

---

हाताचा_डॉक्टर_नाही

नावाप्रमाणे डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापूर. अशा पेशंटचं काम रोज असतं म्हणून लिहितोय. इथलं वाचून नव्हे, तुमचा हात बघणाऱ्या माणसाला विचारूनच सुरुवात करा.

पूर्वी सगळ्यांना सरसकट सांगायचे की त्या हातानं काही उचलू नका. ते आता मागे पडलंय. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला, १४१ बायकांचा. सगळ्यांच्या हाताला आधीच सूज होती. देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला लावल्यावर सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. आत्यांनी दहा, पंधरा, वीस असं वाढवत नेलं ते नेमकं तसंच आहे. धोका असतो तो एकदम जास्त करण्यात.

मोजमापाची त्यांची पद्धतही उत्तम, फक्त दोन्ही हात मोजा. एकाच जागी दोन हातांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर थांबा आणि दाखवा. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही. म्हणून हातमोजे कायम. सुजेच्या हातावर साधं खरचटलेलंही महागात पडतं. लांब जायचं असेल तर दाबाची स्लीव्ह (सूज आवरणारी लवचिक बाही) घाला, नीट मापाची. सैल किंवा घट्ट काहीही नको.

बोटांच्या बधिरपणाबद्दल कुणी बोललं नाही. हाताच्या बोटांपेक्षा मला तुमच्या पायांची काळजी आहे. गिअर पडला का, मागचा ब्रेक किती दाबला, हे पाय सांगतो. डोळे मिटून चप्पल पायातून निसटल्याचं कळतं का ते बघा. कळत नसेल तर अजून थांबा. आणि रोजची गोळी कोणती आहे ते बघा. काही गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात. हाडांची तपासणी झाली नसेल तर गाडीच्या आधी ती करा. शिकताना माणूस पडतोच.

जाता जाता, मन शांत होतं यावरही अभ्यास झालाय. अमेरिकेत यूसीएलएच्या संशोधकांनी पन्नासएक चालकांना वीस मिनिटं मोटरसायकल चालवायला लावली, तर शरीरातली ताणाची रसायनं २८ टक्क्यांनी कमी दिसली. २०२१ साली छापून आलं. पण पैसे हार्ले-डेव्हिडसनचे होते, तेव्हा तेवढं मीठ टाकून वाचा. मला आत्यांचं कॅलेंडर जास्त विश्वासाचं वाटतं.

---

गॅरेजवाला_दादा

ताई, क्लच जड असणं हा निम्म्या वेळा हाताचा नाही, केबलचा दोष असतो. गाडी किती दिवस उभी आहे? केबल आत गंजली की पैलवानालाही जड जाईल. नवी केबल टाका, स्वस्त वस्तू आहे. लिव्हरचा बोल्ट खोलून साफ करून ग्रीस लावा. मग लिव्हरला टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल राहील असं ॲडजस्ट करून घ्या. आणि ती क्लॅम्प सैल करून लिव्हर थोडी खाली फिरवा, हात सरळ ठेवल्यावर बोटं आपोआप पडतील अशी. बहुतेक गाड्यांना ती पुरुषाच्या उंचीची बसवलेली असते आणि जन्मभर कुणी हलवत नाही.

हलक्या क्लचच्या गाड्याही आल्यात, असिस्ट क्लचवाल्या. होंडाची सीबी ३५० घ्या, बोटानं दाबली जाते. पण तिचं वजन १८० किलोच्या वर. हाताचं वाचवून कंबरेला द्यायचं, असा व्यवहार आहे तो. युनिकॉर्न १४०च्या आसपास, स्प्लेंडर ११२. आत्या बरोबर सांगतायत. उंचीसाठी सीटचा फोम कापून मिळतो, तासाभराचं काम.

पडलेली गाडी हातानं उचलायची नाही. गिअरमध्ये टाका, पाठ गाडीला लावून खाली बसा, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं मागची दांडी, आणि पायानं रेटत मागं चाला. जोर सगळा मांड्यांचा. उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवा, नाहीतर उचलून पलीकडं परत पाडाल. मी पाडलेली आहे.

लायसन बघा. ॲक्टिव्हाचं विनागिअरचं असेल तर गिअरसाठी परत शिकाऊ काढावं लागतं. तीस दिवसांनंतर परीक्षा, सहा महिन्यांच्या आत. त्याशिवाय रस्त्यावर नको.

---

नाशिकची_धनु

वय २९, मी इथली सगळ्यात अडाणी असेन, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

माझं काही आजारपण नव्हतं, घटस्फोट होता. त्यात कोर्टाच्या तारखा. प्रत्येक तारखेनंतर मी गंगापूर धरणापर्यंत जाऊन यायचे, भावाच्या पल्सरवर. हेल्मेटमध्ये मोठ्यानं रडता येतं हा शोध मला तिथं लागला. काच खाली असली की बाहेर कुणाला कळत नाही, फक्त काचेवर वाफ धरते आणि रस्ता दिसेनासा होतो, मग थांबावंच लागतं. त्यामुळे रडण्यावरही मर्यादा. (काच बोटभर वर ठेवावी, अनुभवाचे बोल.)

एकटं वाटलं तर बायकांचे गट आहेत. 'बाइकर्नी' तर पुण्यातच सुरू झालेली, २०११ मध्ये. मला मात्र लाहोरची झेनिथ इरफान आठवते. ती तान्ही असताना वडील वारले. मोटरसायकलवरून जग बघायचं त्यांच्या मनात राहून गेलेलं. २०१५ मध्ये ती विशीची असताना एकटी निघाली, डोंगरात. तिच्या घरी आईनं हो म्हटलं होतं. माझ्या आईनं नाही म्हटलं होतं. आता विचारते, किती किलोमीटर झाले गं.

---

रोखठोक

मी काय वाईट सांगितलं होतं? काळजीनं बोललो. केबलचं मला माहीत नव्हतं. माझीपण जड आहे.

---

कोयनाकाठ

साडेचार महिन्यांनी येतेय. माफ करा सगळ्यांनी, निकाल, पेपर आणि बाकीचं.

हाडांची तपासणी केली, ठीक आहे. फिजिओबाईंनी दीड महिना हाताचे व्यायाम करायला लावले, मग परवानगी दिली. चपलेची परीक्षा पास झाले, डाव्या पायाला काठावर. केबल बदलली. गॅरेजवाल्या दादा, तुम्हाला नमस्कार, अर्धं ओझं तिथंच उतरलं. शेजारच्या शिवाजीरावांच्या स्प्लेंडरवर शिकले, शाळेच्या पटांगणात, रविवारी. कुणी नसतं म्हणून रविवार निवडला, तर तिसऱ्या रविवारी कुंपणावर सातवीचा वर्ग बसलेला. "बाई, क्लच! बाई, सोडा सोडा! बाई, बंद पडली!" वर्षभर मी त्यांना जे म्हणते ते सगळं त्यांनी मला परत केलं. आत्या, भाताच्या झाकणाचं मी त्यांनाही सांगितलं, पोरांना लगेच कळलं, मला आठवडा लागला.

हे पहिला महिनाभर पटांगणात आले नाहीत. मग एकदा चहा घेऊन आले आणि अर्धा तास काही न बोलता उभे राहिले. जाताना म्हणाले, "तिसऱ्यावर टाकताना गॅस सोडत नाहीस तू." तेव्हापासून रोज काहीतरी चूक काढतात. शेडमधली ताडपत्री त्यांनीच काढली.

गेल्या मंगळवारी तपासणी होती. मीच युनिकॉर्न घेऊन गेले, हे मागून चारचाकीत, वीस मीटर अंतर ठेवून, वरातीसारखे. आदल्या रात्री झोप लागली नव्हती, ते काही गाडीनं सुटलेलं नाही. पण निघाल्यापासून पोचेपर्यंत मी फक्त रस्त्यात होते. हॉस्पिटलच्या पार्किंगमधल्या वॉचमननं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, "साहेब कुठायत?" म्हटलं, साहेब मागं आहेत, त्यांना त्या कोपऱ्यात लावायला सांगा.

रिपोर्ट बरे आहेत. हात: डावा साडेसत्तावीस, उजवा सत्तावीस.

येताना मल्हारपेठला उसाच्या रसासाठी थांबले आणि स्टँड नीट न लावल्यामुळं गाडी डावीकडं आडवी झाली. मला काही झालं नाही, मी उतरलेली होते. पाठ लावून एकटीनं उचलली, रसवाला बघतच राहिला. पण क्लचची लिव्हर मधोमध मोडली. गावातल्या दुकानात मिळते ती जरा जाड आणि बोटांपासून लांब वाटते. दादा, कंपनीचीच मागवू, की हीच बसवून फिरवून घेतली तर चालेल? रविवारी आत्यांकडं वाईला डबा खायला जायचं ठरवलंय, त्याआधी बसवायची आहे.